बेन झोब्रिस्ट: आठ जागांवर खेळलेल्या एका बेसबॉलपटूची खरी किंमत

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात आणि त्या नऊही जागांची नावे ठरलेली आहेत. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, बहुतेक खेळाडू यांपैकी एका, फार तर दोन जागांवर आपली सगळी कारकीर्द घालवतात. २००६ ते २०१९ या काळात मेजर लीगमध्ये खेळलेला बेन झोब्रिस्ट मात्र कॅचरची जागा सोडली तर उरलेल्या आठही जागांवर उभा राहिला. त्याने दोन वेगवेगळ्या संघांकडून लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपद ठरवणारी अंतिम मालिका, जिंकली, तीन वेळा हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात स्थान मिळवले आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. इतके असूनही कारकिर्दीतले त्याचे ढोबळ आकडे पाहिले, म्हणजे २६६ ची सरासरी (हजार अधिकृत प्रयत्नांमागे २६६ यशस्वी फटके) आणि १६७ होम रन (फलंदाजाला एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून धाव मिळवून देणारे फटके), तर ते चांगल्या खेळाडूचे वाटतात, असामान्य खेळाडूचे नव्हे. मग संघांना तो इतका हवाहवासा का वाटत होता? याचे उत्तर बेसबॉलच्या रचनेत आहे, आणि ती रचना समजली की या खेळाकडे पाहण्याची नजरच बदलते, असे मला मनापासून वाटते.

आधी जागांविषयी. पिचर मध्यभागी एका छोट्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो आणि फलंदाजाच्या मागे बसलेला कॅचर तो पकडतो. चौकोनी अंतर्क्षेत्राच्या कोपऱ्यांवर एकमेकांपासून ९० फूट अंतरावर बेस असतात. तिथे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसचे रक्षक असतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधोमध शॉर्टस्टॉप उभा राहतो. त्यामागच्या विस्तीर्ण बाह्यक्षेत्रात डावा, मधला आणि उजवा असे तीन क्षेत्ररक्षक असतात. कागदावर ही नावे सारखीच दिसतात, पण प्रत्येक जागेचे काम वेगळे आहे. उजव्या हाताच्या फलंदाजांचे सरपटी फटके जास्त करून मैदानाच्या डाव्या बाजूला जातात, त्यामुळे शॉर्टस्टॉपला सतत धावत चेंडू गाठावा लागतो आणि तोल सावरायच्या आत तो लांब पहिल्या बेसपर्यंत फेकावा लागतो. दुसऱ्या बेसच्या रक्षकाची फेक तुलनेने जवळची असते, मात्र एकाच चेंडूवर दोन बळी घेण्याच्या ‘डबल प्ले’मध्ये त्याला शॉर्टस्टॉपकडून आलेला चेंडू झेलून, बेसला पाय लावून, घसरत अंगावर येणाऱ्या धावपटूला चुकवून, अंग वळवून पहिल्या बेसकडे फेकायचा असतो. हे सगळे एका क्षणात उरकावे लागते. उजव्या क्षेत्ररक्षकाला उंच उडालेला चेंडू कुठे पडेल याचा अंदाज बॅटचा आवाज ऐकताक्षणी बांधावा लागतो आणि तिथून थेट तिसऱ्या बेसपर्यंत जाईल अशी दमदार फेक अंगात असावी लागते.

क्रिकेटच्या सवयीमुळे आपल्याला यातली अडचण चटकन जाणवत नाही. कर्णधार एकाच खेळाडूला या षटकात स्लिपमध्ये आणि पुढच्या षटकात सीमारेषेवर उभा करतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. बेसबॉलचे नियमही क्षेत्ररक्षकांनी आपसांत जागा बदलण्याला मनाई करत नाहीत. तरीही तसे क्वचित घडते, कारण तिथे चेंडू फलंदाजाच्या बॅटवरून सुटल्यापासून धावपटू पहिल्या बेसवर पोहोचेपर्यंत जेमतेम चार-साडेचार सेकंद मिळतात आणि त्या वेळात कुठे धावायचे, कुणाकडे फेकायचे, कुणाच्या मदतीला जायचे हे विचार न करता हातापायांतून व्हावे लागते. एका जागेची ती सवय अंगी बाणवायला वर्षे लागतात. झोब्रिस्टच्या अंगी अशा अनेक सवयी होत्या आणि तो त्या एकाच आठवड्यात, कधी कधी एकाच सामन्यात बदलत असे.

हा फरक हातमोज्यांतही दिसतो. दुसऱ्या बेसचा रक्षक लहान आणि उथळ खोबणीचा मोजा घालतो, कारण चेंडू आत रुतून बसण्यापेक्षा लगेच दुसऱ्या हातात येणे त्याला महत्त्वाचे असते. बाह्यक्षेत्रातील खेळाडूचा मोजा लांब आणि खोल असतो, कारण धावत हात पुढे करून घेतलेला झेल त्यात टिकायला हवा. पहिल्या बेसच्या रक्षकाचा मोजा तर वेगळ्याच घाटाचा असतो, बोटे वेगळी नसलेला आणि रुंद. असे अनेक मोजे झोब्रिस्टसारख्या खेळाडूला जवळ बाळगावे लागतात, आणि तेही मुरवलेले, कारण कोरा करकरीत मोजा आयत्या वेळी उपयोगाचा नसतो.

आता संघाच्या रचनेकडे वळू. झोब्रिस्टच्या काळात हंगामातील बहुतेक दिवस संघात २५ खेळाडू ठेवता येत. २०२० पासून ही संख्या २६ झाली. त्यांतले बारा किंवा अधिक पिचर असतात, कारण ते रोज खेळू शकत नाहीत. मेजर लीगच्या दोन विभागांपैकी ज्या अमेरिकन लीगमध्ये तो सुरुवातीला खेळला, तिथे पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा एक ठरलेला खेळाडू असे. म्हणजे रोजचे नऊ फलंदाज आणि बारा पिचर वजा केले की राखीव म्हणून चारच जण उरत, आणि त्यांतला एक पर्यायी कॅचर असणे जवळपास सक्तीचे होते. थोडक्यात, साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळणाऱ्या संघाच्या दुखापती, थकवा आणि डावपेच यांची सगळी तजवीज उरलेल्या तिघांवर आली. त्यात आणखी एक कडक नियम आहे: एकदा बदलून बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा आत येऊ शकत नाही. त्यामुळे नऊ डावांच्या सामन्यात आठव्या डावात मॅनेजरने, म्हणजे संघाचे डावपेच ठरवणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाने, एखाद्या कमकुवत फलंदाजाच्या जागी दुसऱ्याला पाठवले, तर पुढच्या डावात त्या रिकाम्या जागेवर क्षेत्ररक्षण कोण करणार, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आधीच मैदानात असलेला एखादा खेळाडू ती जागा घेऊ शकत असेल, तरच मॅनेजरला असा डाव बिनधास्त टाकता येतो.

डाव्या-उजव्या हाताचा हिशेबही इथेच येतो. साधारणपणे फलंदाजाला विरुद्ध हाताच्या पिचरचा चेंडू अधिक नीट दिसतो आणि त्याचा वळणारा चेंडू फलंदाजापासून दूर न जाता त्याच्याकडे येतो. म्हणून समोर डावखुरा पिचर असेल तर मॅनेजर उजव्या हाताचे फलंदाज वाढवतो, आणि उजव्या हाताचा असेल तर डावखुरे. झोब्रिस्ट ‘स्विच हिटर’ होता, म्हणजे पिचर पाहून तो कोणत्याही बाजूने फलंदाजी करत असे. समोर कुणीही पिचर असला तरी त्याला वगळावे लागत नसे आणि तो कुठेही उभा राहत असल्यामुळे त्या दिवशी ज्याला खेळवायचे त्याच्यासाठी जागाही मोकळी होत असे. फलंदाजीतला आणि क्षेत्ररक्षणातला हा दुहेरी लवचिकपणा एकाच माणसात फार क्वचित सापडतो.

त्याच्या आधी असे खेळाडू नव्हते असे नाही. ‘युटिलिटी’ खेळाडू हा प्रकार जुनाच आहे, पण त्यात एक प्रकारचा कमीपणा मानला जात असे. जो कोणत्याच जागेवर नियमित खेळण्याइतका चांगला फलंदाज नाही, पण अडीनडीला कुठेही उभा राहतो, तो युटिलिटी, अशी समजूत होती. जुन्या पिढीतला नामवंत फलंदाज पीट रोझ पाच वेगवेगळ्या जागांवरून ऑल-स्टार झाला हे खरे, मात्र तो एका जागेवर काही वर्षे काढून मग दुसरीकडे जात असे. रोजच्या रोज जागा बदलणे हे त्याचे काम नव्हते. १९९० च्या दशकात डेट्रॉइटच्या टोनी फिलिप्सने रोज खेळूनही अनेक जागा सांभाळल्या, आणि माझ्या मते झोब्रिस्टचा खरा पूर्वसुरी तोच. याशिवाय एकाच सामन्यात नऊही जागांवर खेळण्याचे प्रयोग झाले आहेत. कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सच्या बर्ट कॅम्पानेरिसने ८ सप्टेंबर १९६५ रोजी ते प्रथम केले आणि नवव्या डावात कॅचर म्हणून उभा असताना धावपटूशी टक्कर होऊन तो जखमी झाला. असे प्रयोग प्रेक्षक खेचण्यासाठी असतात. संघाची रोजची गरज ही निराळी गोष्ट आहे.

झोब्रिस्टचा जन्म १९८१ मधला, इलिनॉय राज्यातील युरेका या छोट्या गावचा. वडील चर्चमध्ये पाद्री. शाळा संपली तेव्हा कोणत्याही महाविद्यालयाने त्याला खेळासाठी विचारले नव्हते. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून ५० डॉलर भरून तो एका निवड शिबिराला गेला, तिथे ऑलिव्हेट नाझरीन विद्यापीठाच्या प्रशिक्षकाच्या नजरेत भरला आणि मग पुढे डॅलस बॅप्टिस्ट विद्यापीठाकडून खेळला. २००४ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने नवोदितांच्या निवडीत सहाव्या फेरीत त्याला घेतले. जुलै २००६ मध्ये ऑब्री हफ या फलंदाजाच्या बदल्यात तो टँपा बे संघाकडे गेला आणि १ ऑगस्टला मेजर लीगमधला पहिला सामना खेळला. तेव्हा तो शॉर्टस्टॉप होता आणि फक्त शॉर्टस्टॉप होता.

तिथे त्याची फलंदाजी चालली नाही. पहिल्या हंगामात सरासरी २२४, दुसऱ्यात १५५. २००७ संपता संपता संघाने जेसन बार्टलेट हा दुसरा शॉर्टस्टॉप आणला आणि झोब्रिस्टची स्वतःची म्हणावी अशी जागा उरली नाही. या टप्प्यावर अनेकांची कारकीर्द संपते. त्याने त्या हिवाळ्यात आपली बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली. आधी चेंडू कसाबसा खेळून काढण्यावर भर होता, आता संपूर्ण अंगाचे बळ फटक्यात उतरू लागले. २००८ मध्ये अवघ्या ६२ सामन्यांत त्याने १२ होम रन मारले. त्याच वर्षी टँपा बे रेज संघ पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला.

टँपा बेची परिस्थिती इथे लक्षात घ्यायला हवी, कारण झोब्रिस्टला घडवण्यात तिचा मोठा वाटा आहे. हा संघ न्यूयॉर्क यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स यांच्याच गटात होता. २००८ मध्ये यांकीजचा खेळाडूंच्या पगारांवरचा खर्च २० कोटी डॉलरच्या पुढे होता, तर रेजचा साडेचार कोटींच्या आत. बरोबरीने पैसा ओतणे शक्यच नव्हते. संघाचा कारभार पाहणारा अँड्र्यू फ्रीडमन आणि मॅनेजर जो मॅडन यांनी त्यामुळे एकाच खेळाडूकडून अधिक कामे कशी करून घेता येतील यावर विचार केला. ज्या संघाला प्रत्येक जागेसाठी वेगळा नावाजलेला खेळाडू परवडत नाही, त्याला अनेक जागा चोख सांभाळणारा एकच खेळाडू फार मोलाचा ठरतो.

२००९ मध्ये दुसऱ्या बेसचा नियमित रक्षक अकिनोरी इवामुरा मे महिन्यात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला आणि झोब्रिस्टला रोज खेळण्याची संधी मिळाली. दुसऱ्या बेसवर तो सर्वाधिक खेळला, उजव्या क्षेत्रातही बरेच सामने काढले, आणि हंगाम संपेपर्यंत पिचर व कॅचर वगळता सगळ्या जागांवर उभा राहून आला. सरासरी २९७, होम रन २७, फटक्यांमुळे घडवून आणलेल्या धावा ९१ आणि ‘वॉक’ही ९१. पिचरने फटका मारण्याजोग्या कक्षेबाहेर चार चेंडू टाकले की फलंदाजाला पहिला बेस मोफत मिळतो, त्याला वॉक म्हणतात. मोहाला बळी न पडता बाहेरचा चेंडू सोडणे ही फलंदाजाची मोठी कला आहे आणि झोब्रिस्टकडे ती अखेरपर्यंत राहिली.

सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्या वर्षी तो आठवा आला. पण ‘वॉर’ या नव्या मापाने पाहणाऱ्यांना वेगळेच चित्र दिसले. हे माप जरा सविस्तर समजून घेऊ, कारण झोब्रिस्टच्या नावाची चर्चा मुख्यतः त्यामुळेच सुरू झाली. एखादा खेळाडू जायबंदी झाला आणि त्याच्या जागी दुय्यम लीगमधून सहज मिळणारा, किमान पगाराचा खेळाडू आणावा लागला, तर संघाचे किती विजय कमी होतील, याचा अंदाज म्हणजे वॉर. त्यात फलंदाजीतून आणि बेसवर धावण्यातून मिळालेल्या धावा, क्षेत्ररक्षणातून वाचवलेल्या धावा आणि खेळाडू कोणत्या जागेवर खेळला यानुसार केलेली दुरुस्ती, असे सगळे एकत्र करून साधारण दहा धावांना एक विजय या दराने मांडणी होते. जागेची ही दुरुस्ती महत्त्वाची आहे. फॅनग्राफ्स या संकेतस्थळाच्या पद्धतीत संपूर्ण हंगाम शॉर्टस्टॉपला खेळणाऱ्याच्या खात्यात साडेसात धावा जमा होतात आणि दुसऱ्या बेसला अडीच. उलट उजव्या किंवा डाव्या क्षेत्रात खेळणाऱ्याच्या साडेसात आणि पहिल्या बेसच्या रक्षकाच्या साडेबारा धावा वजा होतात. कारण अवघड जागेवर उभा राहून चांगली फलंदाजी करणारा माणूस मिळणे दुर्मीळ असते. बेसबॉल-रेफरन्स या दुसऱ्या संकेतस्थळाच्या हिशेबाने झोब्रिस्टची २००९ मधली कामगिरी साडेआठ विजयांच्या आसपास भरते. अमेरिकन लीगमधल्या पिचर सोडून कोणत्याही खेळाडूपेक्षा, सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या जो मॉअरपेक्षाही, ती अधिक होती.

तरीही मला असे वाटते की वॉरसुद्धा त्याच्यावर पूर्ण न्याय करत नाही. तो दुसऱ्या बेसवर किती खेळला आणि उजव्या क्षेत्रात किती, याची नोंद ते माप घेते, परंतु या दोन जागांमध्ये हवे तेव्हा जाता येण्याने मॅनेजरला जी मोकळीक मिळते तिची नोंद त्यात नाही. राखीव खेळाडूंतली एक जागा वाचली आणि तिथे एखादा चपळ धावपटू किंवा जादा पिचर ठेवता आला, तर त्याचे श्रेय त्या धावपटूला किंवा पिचरला जाते. ज्याच्यामुळे ते शक्य झाले त्याच्या नावावर काहीच चढत नाही.

एप्रिल २०१० मध्ये रेजने त्याच्याशी चार वर्षांचा, १.८ कोटी डॉलरचा करार केला आणि पुढच्या दोन वर्षांचा पर्याय आपल्याकडे राखून ठेवला. संघासाठी हा सौदा अतिशय फायद्याचा ठरला. २०१० मध्ये त्याची सरासरी २३८ पर्यंत घसरली, पण ९२ वॉक आणि २४ चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे बेस) यांमुळे तो तेव्हाही उपयोगीच राहिला. फटका लागत नसतानाही संघाला काही ना काही देत राहणे हा त्याचा स्वभाव होता. २८ एप्रिल २०११ रोजी मिनेसोटाविरुद्ध एकाच दिवशी झालेल्या दोन सामन्यांत त्याने मिळून दहा धावा घडवून आणल्या, त्यांपैकी आठ पहिल्याच सामन्यात. २०१२ मध्ये संघाला गरज पडली तेव्हा उजव्या क्षेत्रातून आणि दुसऱ्या बेसवरून उठून तो ऑगस्टपासून पुन्हा शॉर्टस्टॉपला उभा राहिला, म्हणजे मैदानातल्या सर्वांत अवघड जागांपैकी एकीवर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

जानेवारी २०१५ मध्ये रेजने त्याला ओकलंडला दिले. तिथे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे काही आठवडे गेले, संघही मागे पडला, आणि २८ जुलैला कॅन्सस सिटी रॉयल्सने दोन तरुण पिचर देऊन त्याला आपल्याकडे घेतले. या अदलाबदलीत त्याचे मोल जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही आकड्यात दिसत नाही. रॉयल्सचा डावा क्षेत्ररक्षक अलेक्स गॉर्डन तेव्हा दुखापतीने बाहेर होता, म्हणून झोब्रिस्ट आला तो आधी डाव्या क्षेत्रात खेळला. सप्टेंबरच्या सुरुवातीला गॉर्डन परतला. एखाद्या निव्वळ बाह्यक्षेत्रातल्या खेळाडूला आणले असते, तर आता दोघांपैकी एकाला बाहेर बसवावे लागले असते. झोब्रिस्ट मात्र दुसऱ्या बेसवर गेला, जिथल्या ओमार इन्फान्तेची फलंदाजी त्या वर्षी फार खालावली होती. म्हणजे एकाच खेळाडूने आधी दुखापतीची जागा भरली आणि मग संघातली सर्वांत कच्ची बाजू पक्की केली. रॉयल्सने न्यूयॉर्क मेट्सला हरवून १९८५ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली.

त्या हिवाळ्यात शिकागो कब्जने त्याला चार वर्षांसाठी ५.६ कोटी डॉलर दिले. त्याचा जुना मॅनेजर जो मॅडन आता तिथे होता. कब्जने यापूर्वी वर्ल्ड सिरीज जिंकली होती ती १९०८ मध्ये. अमेरिकन व्यावसायिक खेळांत इतकी वर्षे विजेतेपदाविना काढलेला दुसरा संघ नव्हता. २०१६ च्या हंगामात झोब्रिस्टने ९६ वॉक घेतले आणि तो ‘स्ट्राइक आऊट’, म्हणजे चेंडू मैदानात न खेळवताच बाद, झाला ८२ वेळाच. जोरदार फटक्याच्या नादात वॉकच्या दुप्पट वेळा बाद होणे ज्या काळात रूढ झाले होते, त्या काळात हे प्रमाण विलक्षण म्हणावे लागेल. हंगामभर तो प्रामुख्याने दुसऱ्या बेसवर होता. बाद फेरीत मात्र दुसऱ्या बेसवर हाविएर बाएझचे क्षेत्ररक्षण संघाला हवे होते, आणि डाव्या क्षेत्रातला काइल श्वार्बर एप्रिलमध्येच गुडघा मोडून घरी बसला होता. झोब्रिस्ट डाव्या क्षेत्रात गेला आणि दोन्ही प्रश्न सुटले.

त्या बाद फेरीतले दोन प्रसंग जवळून पाहण्याजोगे आहेत. पहिला १९ ऑक्टोबरचा, लॉस एंजेलिसचा. डॉजर्सविरुद्धच्या मालिकेत कब्ज १-२ असे मागे होते आणि सलग २१ डाव त्यांना एकही धाव करता आली नव्हती. चौथ्या डावाच्या सुरुवातीला फलंदाजीला आला झोब्रिस्ट, क्रमवारीत चौथा, म्हणजे ज्याच्याकडून मोठ्या फटक्याची अपेक्षा असते तो. त्याने बॅट आडवी धरून चेंडू हलकेच जमिनीवर टेकवला, ज्याला ‘बंट’ म्हणतात, आणि क्षेत्ररक्षक सावरायच्या आत तो पहिल्या बेसवर पोहोचला. त्यानंतर बाएझ आणि विल्सन कोंत्रेरास यांचे फटके आले, अ‍ॅडिसन रसेलचा होम रन आला, त्या डावात चार धावा झाल्या आणि सामना कब्जने १०-२ असा जिंकला. रुतलेला संघ हलवण्यासाठी त्या घडीला मोठा फटका नको होता, कुणीतरी बेसवर पोहोचायला हवे होते, हे त्याने अचूक ओळखले होते. कारकिर्दीतला हा एक चेंडू मला त्याच्या कोणत्याही होम रनपेक्षा जास्त बोलका वाटतो.

दुसरा प्रसंग २ नोव्हेंबरचा, क्लीव्हलंडमधल्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यातला. आठव्या डावात राजाय डेव्हिसच्या होम रनने क्लीव्हलंडने ६-६ अशी बरोबरी साधली होती. नऊ डाव संपले, पाऊस आला, १७ मिनिटे खेळ थांबला. दहाव्या डावात कब्जचा धावपटू अल्बर्ट अल्मोरा दुसऱ्या बेसवर असताना क्लीव्हलंडने अँथनी रिझोला मुद्दाम वॉक देऊन पहिला बेस भरला आणि झोब्रिस्टला पिचिंग करणे पसंत केले. समोर उजव्या हाताचा ब्रायन शॉ, म्हणून झोब्रिस्ट डाव्या बाजूने उभा. आत येणारा वेगवान चेंडू त्याने ओढून न मारता उलट्या दिशेला, तिसऱ्या बेसच्या रेषेलगत ढकलला. तो क्षेत्ररक्षकाला चुकवून डाव्या कोपऱ्यात गेला, अल्मोरा धावून आला आणि झोब्रिस्ट दुसऱ्या बेसवर उभा राहून उड्या मारू लागला. पाठोपाठ मिगेल मोंतेरोच्या फटक्याने आणखी एक धाव मिळाली. कब्ज ८-७ असे जिंकले. त्या मालिकेत झोब्रिस्टची सरासरी ३५७ होती. वर्ल्ड सिरीजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९५५ मध्ये सुरू झाला, आणि कब्जचे शेवटचे विजेतेपद त्याच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे तो पुरस्कार मिळवणारा तो कब्जचा पहिलाच खेळाडू ठरला.

पुढची वर्षे थोडक्यात सांगता येतील. २०१७ मध्ये मनगटाच्या दुखण्याने त्याची सरासरी २३२ वर आली. २०१८ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी ती ३०५ झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, चेंडू कक्षेत होता की बाहेर यावरून वाद झाल्याने पंचाने त्याला सामन्यातून बाहेर काढले, कारकिर्दीत पहिल्यांदाच. हा निर्णय यंत्राने व्हावा असे त्याचे म्हणणे होते. मेजर लीगने २०२६ च्या हंगामापासून अशा निर्णयावर यंत्राकडे दाद मागण्याची सोय खेळाडूंना दिली आहे. २०१९ मध्ये कौटुंबिक कारणासाठी तो चार महिने रजेवर होता, सप्टेंबरमध्ये परतला, आणि हंगामाच्या अखेरच्या दिवसांत पिचर म्हणूनही एक डाव टाकून त्याने आठवी जागा पूर्ण केली. त्यानंतर तो मेजर लीगमध्ये खेळला नाही.

त्याच्या पद्धतीचा प्रसार मात्र झाला. अँड्र्यू फ्रीडमन २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला, आणि तिथे पैशाची चणचण नसतानाही त्याने ख्रिस टेलर, किके हर्नांडेझ यांसारखे अनेक जागांवर खेळणारे खेळाडू संघाच्या मध्यभागी ठेवले. मुकी बेट्स हा उजव्या क्षेत्रातला नावाजलेला खेळाडू डॉजर्समध्ये दुसऱ्या बेसवर आणि पुढे शॉर्टस्टॉपला खेळू लागला. गरिबीतून सुचलेली युक्ती सर्वांत श्रीमंत संघांपैकी एकाने आपलीशी करावी, यातच तिचे बळ दिसते.

सन्मानांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात प्रवेशासाठी क्रीडा पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात, आणि ५ टक्के मते न मिळाल्यास नाव यादीतून कायमचे जाते. झोब्रिस्टचे नाव २०२५ च्या यादीत प्रथमच आले आणि त्याच वर्षी गेले. तिशीच्या उंबरठ्यावर नियमित खेळू लागलेल्या खेळाडूचे एकूण आकडे तिथपर्यंत पोहोचत नाहीत, हे मी मान्य करतो. मला अधिक खटकते ते वेगळेच. उत्तम क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह त्याला कारकिर्दीत एकदाही मिळाला नाही, कारण तो पुरस्कार जागेनिहाय दिला जात असे आणि त्यासाठी एकाच जागेवर ठराविक डाव भरावे लागत. ज्याचे क्षेत्ररक्षण तीन-चार जागांत विभागलेले असते, तो कोणत्याच यादीत वर येत नाही. २०२२ मध्ये प्रथमच अनेक जागांवर खेळणाऱ्यांसाठी स्वतंत्र गोल्ड ग्लव्ह सुरू झाला, आणि सेंट लुईसचा ब्रेंडन डॉनोव्हन व यांकीजचा डीजे लेमेह्यू हे त्याचे पहिले मानकरी ठरले. झोब्रिस्ट खेळायचा थांबून तेव्हा तीन वर्षे झाली होती.